जुन्या पिकअपला मोठं इंजिन बसवायचंय? आधी भरलेली गाडी घाट चढते की उतरते ते बघा

नाशिकच्या द्वारका ते अंबड या पट्ट्यातल्या कुठल्याही गॅरेजवर तासभर बसलात, तर एक प्रश्न हमखास कानावर पडतो: "मिस्त्री, हिच्यात स्कॉर्पिओचं इंजिन बसेल का?" विचारणारा बहुतेक वेळा निफाड-दिंडोरीकडचा असतो. गाडी दहा-बारा वर्षांची, हप्ते केव्हाच फिटलेले, बॉडी-चेसी अजून ठणठणीत. फक्त माल भरला की ओढत नाही. नव्या पिकअपची किंमत ऐकून पोटात गोळा येतो, मग वाटतं की सगळी गाडी कशाला बदला, नुसतं इंजिन बदलू.

मिस्त्रीही नाही म्हणत नाही. "बसवतो की भाऊ, त्यात काय." आणि खरंच बसतं. नाशिकमध्ये तर जास्तच सहज बसतं. स्कॉर्पिओ २००२ साली बाजारात आली तीच मुळी नाशिकच्या कारखान्यातून, महिंद्राची इंजिनं इगतपुरीत बनतात, आणि सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत लेथवाले, वेल्डर, टर्नर गल्लोगल्ली आहेत. एखादी प्लेट कापून, बरोबर मापाची भोकं पाडून देणारा माणूस शोधायला इथे लांब जावं लागत नाही.

इंजिन चेसीत बसणं हा या कामाचा सगळ्यात सोपा भाग आहे. त्याच्या मागेपुढे काय काय येतं हे आधी कुणी नीट सांगत नाही, आणि अर्धं काम झाल्यावर कळून उपयोग नसतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मोठं म्हणजे नेमकं काय मोठं?

इंजिनाबद्दल बोलताना आपण तीन आकडे एकमेकांत मिसळतो: सीसी, टॉर्क आणि हॉर्सपॉवर.

सीसी म्हणजे सगळ्या सिलिंडरांत मिळून पिस्टन किती जागा व्यापत वर-खाली होतात त्याचं माप. टॉर्क म्हणजे क्रँकला, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याला, मिळणारा पीळ. एक मीटर लांबीचा पाना नटाला लावला आणि त्याच्या टोकाला एक किलो वजन टांगलं, की जवळपास १० न्यूटन-मीटरचा पीळ बसतो. हॉर्सपॉवर म्हणजे काम किती झपाट्याने होतं. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचललं की एक हॉर्सपॉवर. पिंपळगावच्या मार्केटमध्ये दोन हमाल एकाच वजनाचं कॅरेट उचलतात, पण एक जण मिनिटाला चार चढवतो आणि दुसरा आठ. उचलायची ताकद दोघांची सारखी, पॉवर दुसऱ्याची दुप्पट.

आता आपल्या गाड्यांचे आकडे. जुन्या बोलेरोत आणि तिच्या पिकअपमध्ये वर्षानुवर्षं जे २५२३ सीसीचं डिझेल इंजिन आलं, त्याचं बोलेरोतलं कॉमन रेल रूप सुमारे ६३ हॉर्सपॉवर आणि १९५ न्यूटन-मीटर देतं. जुन्या स्कॉर्पिओचं एमहॉक इंजिन सुमारे १२० हॉर्सपॉवर आणि २८० ते २९० न्यूटन-मीटर. पॉवर जवळपास दुप्पट, पीळ दीडपट. पण एमहॉकची सीसी बघा: २१७९. म्हणजे ज्याला आपण मोठं इंजिन म्हणतो ते सीसीने जुन्यापेक्षा लहान आहे! जादा ताकद येते ती टर्बोने दाबून भरलेल्या हवेतून, जास्त दाबाने आणि अचूक वेळेला मारलेल्या डिझेलमधून, आणि जास्त फेऱ्यांमधून. हा मुद्दा लक्षात ठेवा, घाट उतरताना तो पुन्हा लागणार आहे.

घाट चढायला किती ताकद लागते?

याचा हिशोब घरबसल्या करता येतो, आणि इंजिनावर पैसे घालण्याआधी तो करावाच.

सव्वा टनाची पिकअप पूर्ण भरली की गाडीसकट वजन सुमारे २,८०० किलो धरू. चढ असा धरू की १०० मीटर पुढे गेल्यावर ५ मीटर उंची वाढते. मग गाडीला मागे खेचणारी ओढ वजनाच्या ५ टक्के, म्हणजे १४० किलो. टायर रस्त्यावर फिरताना अडवतात त्याचे ३० ते ३५ किलो. ताशी ६० च्या वेगाला समोरच्या हवेचे आणखी साधारण तेवढेच. सगळं मिळून २१० किलोच्या आसपास. ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. २१० ला १६.७ ने गुणा, ७५ ने भागा: उत्तर येतं सुमारे ४७ हॉर्सपॉवर. गिअरबॉक्स, जॉइंट आणि डिफरन्शियलमध्ये वाया जाणारी ताकद धरली, तर इंजिनाकडून ५५ च्या आसपास लागतात. तोच चढ ताशी ४० ने चढायचा म्हटलं तर ३३ पुरतात.

म्हणजे धडधाकट ६३ हॉर्सपॉवरचं इंजिन, कायद्याने जेवढा भार भरायला सांगितलाय तेवढा भरून, असा चढ ताशी ५० ते ६० ने चढू शकतं. तुमची पिकअप अर्ध्या भाराला त्याच चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ३० ला रडत असेल, तर इंजिन लहान आहे म्हणून नाही. काहीतरी बिघडलंय म्हणून. नाहीतर भार तुम्ही समजता तेवढा नाही.

भाराचंच बघा. टोमॅटोचं एक कॅरेट २० किलोचं. सव्वा टनात ६२ कॅरेट बसतात, आणि हंगामात पिकअपवर शंभर-शंभर चढलेली दिसतात. ते झाले दोन टन, रिकाम्या कॅरेटचं वजन वेगळंच. मोठं इंजिन टाकलं तर हे दोन टन ओढले जातील, पण चेसी, पाटे, मागचा हाऊस, टायर आणि ब्रेक त्या सव्वा टनाचेच राहतील. आरसीवरची भारक्षमताही एका किलोने वाढणार नाही. जादा भारासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये.

आधी जुन्या इंजिनाची तब्येत तपासा

हे अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि यात लाखभराचा खर्च वाचू शकतो.

सुरुवात इंजिनाच्या बाहेरून करा. गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा, शेवटी फार ब्रेक न मारता थांबवा, आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा चांगलंच तापलं असेल तर तिथला ब्रेक धरून राहतोय किंवा बेअरिंग जाम होतंय. अशा गाडीत इंजिन चोवीस तास ब्रेकशी भांडत असतं.

मग क्लच. मोकळ्या जागेत, समोर कुणी उभं नसताना, हँडब्रेक पूर्ण ओढा, चौथा गिअर टाका, थोडी रेस ठेवून क्लच हळूहळू सोडा. क्लच चांगला असेल तर इंजिन धडकन बंद पडेल. ते बंद न पडता घोंगावत राहिलं तर प्लेट घसरतेय. चढावर फेऱ्या वाढतात, वेग वाढत नाही आणि जळका वास येतो, तो याचाच. मात्र ही चाचणी एकदाच करा. सारखी केली तर चांगली प्लेटही जाईल.

त्यानंतर हवा आणि डिझेल. एअर फिल्टर, टर्बो असेल तर त्याचे होज, डिझेल फिल्टर, नोझल. दिंडोरी-सुरगाण्याच्या कच्च्या रस्त्यांवरची गाडी वर्षभर एकाच फिल्टरवर चालली असेल तर तिला श्वासच घेता येत नाही. सायलेन्सरमधून काळा धूर येत असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा आला तर ऑइल जळतंय. पांढरा आणि गोडसर वासाचा येऊन पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटकडे बघा.

आणि शेवटी खुद्द इंजिन. गरम इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करा आणि भोकावर आडवं धरा. थोडी वाफ येणं ठीक. पण झाकण उडायला लागलं, भकाभक धूर यायला लागला, तर रिंगा आणि बोअर झिजलेत, ज्वलनाचा दाब पिस्टनच्या बाजूने खाली गळतोय. खात्री करायची तर मिस्त्रीला कॉम्प्रेशन गेज लावायला सांगा. एखाद्या सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा खूप खाली आला तर दुखणं तिथे आहे. चारही सारखेच खाली असतील तर इंजिनाचं वय झालं.

यातलं काहीच न निघता गाडी कमी पडत असेल, तरच मोठ्या इंजिनाचा विचार सुरू करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

बदलायचंच ठरवलं तर

जुनं इंजिन बाहेर, नवं आत, चार बोल्ट आवळले, झालं. काम इतकं सरळ असतं तर मला हा लेख लिहावाच लागला नसता.

पहिला प्रश्न जागेचा. इंजिनाचे फाउंडेशन रबर जिथे बसतात ते ब्रॅकेट नव्याने बनवावे लागतात. खालचा ऑइल चेंबर पुढच्या क्रॉस-मेंबरला किंवा स्टिअरिंगच्या रॉडला लागतो का, पंखा रेडिएटरला घासतो का, टर्बोची गरम नळी ब्रेकच्या पाइपजवळून जाते का, हे सगळं इंजिन दोरीवर लटकत असतानाच बघायचं. ब्रॅकेटचं वेल्डिंग कसलेल्या माणसाकडूनच करून घ्या. फाउंडेशनवर इंजिनाचं नुसतं वजन येत नाही, त्याचा पूर्ण उलटा पीळही येतो.

दुसरा प्रश्न जोडाचा, आणि सगळ्यात जास्त गाड्या इथे बिघडतात. नव्या इंजिनाची पाठ आणि जुन्या गिअरबॉक्सचं तोंड सहसा जुळत नाही. मग मध्ये एक ॲडॅप्टर प्लेट घालतात. वरून बघितलं तर ती साधी लोखंडी चकती. पण तिचं काम फार नाजूक आहे. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एकाच रेषेत यायला हवा, आणि मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतका फरकसुद्धा इथे फार होतो. फरक राहिला तर गाडी चालू होते, पळतेही. महिना-दोन महिन्यांनी गिअर आपोआप बाहेर पडायला लागतो, इनपुट शाफ्टचं बेअरिंग ओरडायला लागतं, क्लच प्लेटच्या मधले दात खाल्ले जातात. मालकाला वाटतं गिअरबॉक्स खराब होता. म्हणून मिस्त्रीला एकच विचारा: "डायल गेज लावून मध्य तपासणार का?" डायल गेज म्हणजे फ्लायव्हीलला लावून फिरवायचं घड्याळासारखं माप. ते नको म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नका.

गिअरबॉक्ससकट इंजिन घेतलं तर हा जोड टळतो. ते जास्त शहाणपणाचं. पण मग गिअर लिव्हर वेगळ्या जागी येतो, गिअरबॉक्सचा मागचा आधार बदलतो, आणि प्रोपेलर शाफ्ट लहान-मोठा करावा लागतो. शाफ्ट कापून जोडला की तो बॅलन्स करून घ्यायलाच हवा. शिवाय शाफ्टच्या दोन टोकांच्या क्रॉसचे, म्हणजे कोनात वळणाऱ्या सांध्यांचे, कोन सारखे ठेवावे लागतात. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा पुढची बाजू एकसारखी फिरत असली तरी मागची बाजू प्रत्येक फेरीत दोनदा किंचित पुढे धावते आणि दोनदा मागे पडते. दुसऱ्या टोकाचा कोन सारखा असेल तर तो ही चूक खाऊन टाकतो. नसेल तर ठरावीक वेगाला सगळी गाडी थरथरते आणि क्रॉस लवकर लवकर जातात.

तिसरा प्रश्न मागचा. समजा पहिल्या गिअरचं प्रमाण ४ आणि क्राउन-पिनियनचं (डिफरन्शियलमधल्या दातेरी जोडीचं) ४.५ आहे. इंजिनाचा पीळ मागच्या एक्सलपर्यंत जाताना १८ पट होतो. १९५ चे होतात ३,५०० च्या वर, २९० चे ५,२०० च्या वर. एक्सलच्या शाफ्टला आणि क्राउनच्या दातांना हा दीडपट पीळ रोज, भारासकट सोसायचा आहे. ते जुन्या आकड्यासाठी बनवलेत.

चौथा प्रश्न उष्णतेचा. डिझेलमध्ये जेवढी ऊर्जा असते तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाकांकडे जाण्याच्या कामी येतो, बाकीची धुरातून आणि पाण्यातून बाहेर पडते. जास्त पॉवर वापरली की पाण्यात जाणारी उष्णताही तेवढीच वाढते. जुना रेडिएटर, त्यात दहा वर्षांची खार साचलेली, एप्रिल-मेमध्ये घाटात उभा राहणार नाही. नव्या इंजिनाचाच रेडिएटर आणि इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) घ्यावा, आणि त्यांना समोरून वारा मिळेल अशी जागाही शोधावी.

पाचवा प्रश्न वायरिंगचा. जुन्या डिझेल पंपाच्या इंजिनाला चालायला फक्त डिझेल आणि बंद करण्याची एक वायर पुरते. कॉमन रेल इंजिन तसं नसतं. रेलमध्ये हजार-सोळाशे बार दाबाचं डिझेल असतं आणि नोझल कधी, किती वेळ उघडायचं हे ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतं. त्याला फेऱ्यांचा, पाण्याच्या उष्णतेचा, हवेचा, रेलच्या दाबाचा आणि ॲक्सिलरेटरच्या पॅडलचा सेन्सर लागतो. म्हणून इंजिन विकत घेताना पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा), ईसीएम, पॅडल आणि शक्यतो त्याच गाडीची चावी आणि मीटर सोबत घ्या. चोरी रोखण्यासाठी ईसीएमला चावी ओळखीची लागते. चावीशिवाय आणलेलं इंजिन तुमच्या दारात नुसतं पडून राहील. हार्नेस कापून जोडणारा वायरमन पत्करू नका. पावसाळ्यात त्र्यंबक रस्त्यावर भर पावसात गाडी बंद पडली की तेव्हा कोणता जोड उघडा पडला हे शोधणं फार कठीण जातं.

इतक्या दाबाला डिझेलमधला कचरा आणि पाणी अजिबात चालत नाही, म्हणून टाकी साफ करून पाणी वेगळं करणारा फिल्टर हवाच.

भरलेली गाडी घाट उतरते

आता शीर्षकातला मुद्दा. नाशिकचा माल कुठे जातो? द्राक्षं, टोमॅटो, कांदा, भाजीपाला, बहुतेक मुंबईकडे. म्हणजे रात्री भरलेली पिकअप कसारा घाट उतरते, आणि सकाळी रिकामी किंवा अर्धी भरून तो चढते. चढायच्या वेळी ताकदीची अडचण येतच नाही. अडचण येते ती उतरताना, आणि मोठ्या इंजिनाचा तिथे काडीचाही उपयोग नाही.

इगतपुरी आणि कसारा यांच्या उंचीत सुमारे ३०० मीटरचा फरक आहे. २,८०० किलोची गाडी एवढी खाली येताना जी ऊर्जा सोडते, ती हीच गाडी ताशी ६० वरून जागच्या जागी थांबवायला लागणाऱ्या ऊर्जेच्या साधारण २१ पट आहे. हवेने आणि टायरने खाल्लेला वाटा सोडला, तर उरलेलं सगळं ब्रेकच्या ड्रममध्ये आणि डिस्कमध्ये उष्णता होऊन जातं, किंवा इंजिन ब्रेकमध्ये. ड्रम फार तापला की तो फुगतो, लायनिंगची पकड सुटते आणि पॅडल दाबूनही गाडी धरत नाही. ब्रेक ऑइल जुनं आणि पाणी शोषलेलं असेल तर ते उकळून पॅडल थेट फ्लोअरला जातं.

म्हणून घाटात खालच्या गिअरमध्ये उतरतात. इंजिन फिरवायला चाकांना जी मेहनत पडते ती ब्रेकचं काम करते. ही मेहनत मुख्यतः सीसीवर आणि फेऱ्यांवर अवलंबून असते, हॉर्सपॉवरवर नाही. मघाचा आकडा इथे आठवा: २५२३ सीसीच्या जागी २१७९ सीसी आलं, तर त्याच फेऱ्यांना इंजिन ब्रेक वाढणार नाही, उलट थोडा कमीच मिळेल. वर जास्त पॉवर आहे म्हणून सपाटीवर वेग वाढलेला असतो. ६० ऐवजी ८० ने जाणारी गाडी थांबवायला पावणेदोन पट ऊर्जा ब्रेकला झिरवावी लागते.

आणखी एक गोष्ट सुटलेली अनेकदा दिसते: व्हॅक्यूम, म्हणजे ब्रेकचा पॅडल हलका करणारी हवेची ओढ. पेट्रोल इंजिनाला ते आपोआप मिळतं, डिझेलला वेगळा पंप लागतो. जुन्या इंजिनांत तो बऱ्याचदा अल्टरनेटरच्या मागे असतो, नव्यांत कॅमशाफ्टवर. इंजिन बदलताना त्याची नळी नीट जोडली गेली नाही, कुठे दबली, जुना कुजका होज तसाच ठेवला, तर ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही आणि पॅडल दगडासारखा लागतो. तपासायला साधी पद्धत आहे. इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबा, तो कडक होईल. पाय दाबूनच ठेवा आणि सेल्फ मारा. इंजिन चालू झाल्याबरोबर पॅडल थोडा खाली बसायला हवा. बसला नाही तर गाडी गॅरेजबाहेर काढू नका.

सप्तशृंगी गडावर माल नेणारा, किंवा पेठकडून सावळघाट चढून नाशिकला भरून येणारा, यांचं गणित वेगळं आहे. त्यांना चढाला ताकद लागते. पण तोच रस्ता कधीतरी उतरायचाही असतोच. इंजिनावर एक रुपया घालायचा ठरवला असेल तर ब्रेकवर त्याआधी घाला.

कागद

कायद्याबाबत गॅरेजवर फार मोघम बोललं जातं, म्हणून स्पष्ट लिहितो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजीसारखं वेगळं इंधन वापरण्यासाठी मंजूर किट बसवायला यात वाट ठेवलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा हाच कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं: परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

सरळ अर्थ असा की पिकअपमध्ये दुसऱ्या मॉडेलचं, जास्त ताकदीचं इंजिन घालून ती रस्त्यावर माल वाहायला चालवणं कायद्यात बसत नाही. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दर वर्षी फिटनेस करावं लागतं. तिथे इंजिन नंबर बघितला की प्रश्न उभा राहतो. त्याहून वाईट म्हणजे अपघात. आरसीवर एक नंबर आणि बॉनेटखाली दुसरा, एवढ्यावर विमा कंपनी दावा नाकारू शकते. एखाद्याचा जीव गेला असेल तर त्या भरपाईचा बोजा मालकाच्या जमिनीपर्यंत जातो. ही भीती घालायची गोष्ट म्हणून सांगत नाही. पिकअप चालवणाऱ्या घरांकडे दुसरं काही नसतं म्हणून सांगतोय.

जुन्याच्या जागी त्याच मॉडेलचं इंजिन घालायला मात्र वाट आहे. पेठ रोडच्या आरटीओत आधी परवानगी घ्यायची, आणि बसवल्यावर १४ दिवसांत नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्यायचा. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्स कंपनीची लेखी संमती लागते. इंजिन विकत घेताना पक्कं बिल आणि ज्या गाडीतून ते निघालं तिच्या आरसीची प्रत मागा. नंबर घासलेला, पुन्हा पंच केलेला दिसला तर पैसे कितीही कमी सांगितले तरी हात लावू नका. चोरीच्या गाडीचं इंजिन तुमच्या चेसीत सापडलं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

मग करायचं काय?

इंजिन खरंच झिजलं असेल तर तेच उघडून नीट बांधून घ्या. बहुतेक पिकअपवाल्यांसाठी हेच बरोबर आहे, आणि मोठ्या इंजिनाच्या सगळ्या जोडकामापेक्षा यात खर्चही कमी येतो. बोअर मोजून घ्या, गरजेप्रमाणे स्लीव्ह किंवा ओव्हरसाइज पिस्टन. क्रँक मायक्रोमीटरने मोजून मगच घासायला द्या, आणि बेअरिंग त्याच मापाचे घ्या. हेडचं फेसिंग, व्हॉल्व्ह आणि गाइड. नोझल आणि पंप टेस्ट बेंचवर लावून, त्याची पावती घेऊन. ऑइल पंप "चालेल" म्हणून जुना ठेवू नका. टर्बोच्या शाफ्टला हाताने हलवून किती ढिला आहे ते स्वतः बघा. याच वेळी क्लच, रेडिएटरची सफाई, फाउंडेशन रबर आणि चारही चाकांचे ब्रेक करून घ्या, कारण इंजिन बाहेर असताना या सगळ्याला हात पोचतो.

गाडी बाहेर आली की पहिले काही दिवस अर्ध्या भाराने चालवा. एकाच वेगाला तासन्‌तास धरू नका आणि उगाच आयडलवर उभी ठेवू नका, रिंगा बोअरला बसायला थोडा भार लागतोच. पाणी आणि ऑइल रोज सकाळी थंड इंजिनावर बघा. पहिलं ऑइल १,००० किलोमीटरच्या आत काढा, आणि ते नालीत न सोडता स्वच्छ ट्रेमध्ये घ्या. दोन बोटांत चोळून उन्हात धरा. काळं असेल तर काही बिघडत नाही, पण चमकणारी बारीक कचकच लागली तर गाडी तिथेच उभी करा आणि मिस्त्रीला चेंबर खोलून बेअरिंग दाखवायला सांगा.